हिवाळी ४.४, उन्हाळी ४.०: खारपाणपट्ट्यात जुना कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करताना

आमच्याकडे 'कूलर' म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. त्यामुळे अमरावतीहून प्रोसेसरवर बसवायचा टॉवर कूलर घेऊन आलो, तेव्हा आईनं तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "येवढासा कूलर? अन् याच्यात पानी कोठून टाकतेत रे?" भाचा हसून लोळला. मला मात्र तो प्रश्न पुढं बरेच दिवस पुरला. दोन वर्षांत ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचं, जे काही शिकलो त्यातला मोठा भाग ऊन, पाणी, धूळ आणि लाइन (वीज) यांचाच होता. मेगाहर्ट्झ वाढवणं सगळ्यात सोपं निघालं.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. सातबारा, पीकविमा, स्कॉलरशिप, जे येईल ते. दुकानामागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. परतवाड्याच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं तो एडिटिंगसाठी घेतला होता. त्यानं नवा घेतला आणि जुना माझ्याकडे आला. आत इंटेलचा कोअर आय५-२५००के प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर २०११ साली बाजारात आलेला, कार्ड २०१४ सालचं. भाच्याला त्यावर जीटीए ५ खेळायचा होता. खेळता यायचा, पण गाडी शहरात शिरली की चित्र अडखळायचं. नवा कॉम्प्युटर घ्यावा असा त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. म्हणून हा उद्योग.

आधी बघा, तुमचं यंत्र ऐकतं का

प्रोसेसरचा वेग हा साधा गुणाकार आहे. मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा एक ठोका देतो, तो बेस क्लॉक. प्रोसेसर त्याला ज्या आकड्यानं गुणतो तो मल्टिप्लायर. २५००के चा मूळ मल्टिप्लायर ३३, म्हणून वेग ३.३ गिगाहर्ट्झ. टर्बोमध्ये, म्हणजे गरज पडली की तो स्वतःच वेग वाढवतो तेव्हा, आतल्या चार कोअरपैकी (प्रोसेसरमधले चार गडीच म्हणा) एकटाच कोअर कामात असेल तर तो ३७ पर्यंत चढतो, पण चारही कोअर राबायला लागले की ३४ वर थांबतो. आजकालच्या गेममध्ये चारही राबतात, तेव्हा खरा वेग ३.४ धरायचा. हा मल्टिप्लायर आपल्या हातानं वाढवायचा, एवढंच काम.

पण प्रत्येक यंत्र ऐकत नाही. इंटेलच्या या पिढीत नावाच्या शेवटी 'के' लागतो (२५००के, २६००के, पुढच्या पिढीतला ३५७०के), आणि मदरबोर्डचा चिपसेट (बोर्डावरची कारभारी चिप) पी६७, झेड६८ किंवा झेड७७ असावा लागतो. आमच्याकडे ऑफिसांतून निघालेली जी जुनी यंत्रं फिरतात, त्यांत आय३-२१२० नाहीतर आय५-२४०० आणि खाली एच६१ बोर्ड असंच जास्त दिसतं. तिथं मल्टिप्लायर हलत नाही. त्यावर 'के' प्रोसेसर आणून बसवला तरी बोर्ड वाढवू देत नाही, उगाच पैसे घालू नका. आय५-२४०० पी६७ किंवा झेड६८ सारख्या बोर्डावर असेल तर टर्बोच्या वर चार पायऱ्या मिळतात, तेवढ्या घ्या. सीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्राम आहे; पहिल्या पानावर प्रोसेसरचं नाव आणि मेनबोर्डच्या पानावर चिपसेट दिसतो.

एएमडीचे एफएक्स सगळेच मोकळे असतात, पण ते आधीच तापट, आणि स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंकच नसतो. तो भाग आधी जळतो. कोअर २ ड्युओची रीत वेगळी, तिथं बसचा वेग वाढवावा लागतो आणि त्याच्यासोबत रॅमही पळते. ती गोष्ट इथं घेत नाही. लॅपटॉपचं नाव काढू नका.

'के' नसलेल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. साफसफाई, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड हे तुमच्या हातात आहेच. त्यातही एक गोष्ट आज तपासा: रॅमची एकच ८ जीबीची पट्टी लावली आहे का? ४-४ च्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर रॅमचा रस्ता दुपदरी होतो. अडखळणं कमी करायला याच्याइतकं स्वस्त काही नाही.

आणखी एक गोष्ट पैसे घालण्याआधी बघायची. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचा प्रोग्राम टाका, खेळताना कोपऱ्यात आकडे दिसतील असं करा. ग्राफिक्स कार्ड ९७-९९ टक्के राबत असेल तर गाडी कार्डापाशी अडली आहे. प्रोसेसर कितीही पळवला तरी फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढणार नाहीत. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि प्रोसेसर शंभराला टेकलाय, तर मग प्रोसेसर पळवण्यात अर्थ आहे. आमच्या यंत्राचं शहरात दुसरं, रानात पहिलं होतं. आणि हेही सांगतो, काही नव्या गेमना एव्हीएक्स२ नावाच्या सूचना समजणारा प्रोसेसर लागतो. २५००के ला त्या समजत नाहीत. तो गेम ५ गिगाहर्ट्झवरही सुरू होणार नाही.

कापूस, पाल आणि तुरीचा दाणा

पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा हीटसिंक दिसलाच नाही. राखाडी गोधडी दिसली. भाव वाढेल म्हणून बाबांनी कापूस शेजारच्या खोलीत भरून ठेवला होता, फेब्रुवारीपर्यंत. त्याचे तंतू हवेत असतातच. पंखा ते ओढतो आणि पात्यांमध्ये नमदा जमतो. त्यात सोयाबीन काढणीच्या दिवसांतला थ्रेशरचा धुरळा. एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीत एक वाळलेली पाल पण निघाली.

इथं एक गोष्ट थांबून सांगतो. घरात कापूस भरलेला असेल तर त्या खोलीत ओव्हरक्लॉकिंगची चाचणी करू नका. तासभर पूर्ण ताकदीनं चालणाऱ्या जुन्या एसएमपीएसची ठिणगी आणि मोकळा कापूस यांच्यात भिंत तरी असावी. बाबांनी पाहिलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कापसाजोळ हे इंजिन काऊन लावलं रे?" आणि ते बरोबर होतं. मी कॉम्प्युटर त्याच दिवशी दुकानामागं हलवला.

सफाईला ब्लोअर वापरा, पण पंख्याच्या पात्याला बोट लावून तो धरून ठेवा. हवेनं पंखा सुसाट फिरला तर त्याचे बेअरिंग जातात, आणि फिरता पंखा उलटी वीज तयार करून बोर्डाकडं पाठवतो. अंगणात करा. आईच्या वाळत घातलेल्या कुरडयांपासून लांब, हे अनुभवावरून.

मग प्रोसेसरवरचा जुना हीटसिंक काढायचा. आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून बंद करा, म्हणजे खालची वाळलेली पेस्ट जरा सैल होते. वायर काढा. इंटेलच्या मूळ हीटसिंकला चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेनं फिरवून वर ओढायच्या, आणि हीटसिंक सरळ न उपटता थोडा पिळून उचलायचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ सुती कापडानं पुसा. शूटिंगवाल्यानं कधीच बदललेली नव्हती; ती खपलीसारखी निघाली. नवी पेस्ट किती? तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध, बस. हीटसिंक दाबला की ती आपोआप पसरते. पोळीला तूप लावल्यासारखी फासायची गरज नाही.

मूळ हीटसिंकवर ओव्हरक्लॉकिंग आमच्या हवेत होत नाही, हे स्पष्ट सांगतो. १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या, ११५५ सॉकेटला (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) बसतो ना हे विचारून. कॅबिनेटच्या आत उंची मोजून जा. मी मोजली नव्हती. अमरावतीची दुसरी चक्कर पडली.

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून टेबल फॅन लावायची पद्धत गावोगावी आहे. दोन दिवस बरं वाटतं, मग महिनाभरात पुन्हा गोधडी. पुढून हवा आत, मागून बाहेर, आणि पुढच्या जाळीवर जुन्या नायलॉन साडीचा तुकडा ताणून लावा. तो दर रविवारी झटकायचा.

आता खऱ्या कूलरबद्दल. उन्हाळ्यात कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, पण कूलरच्या तोंडासमोर कॅबिनेट ठेवू नका. आमच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी इतकं खारं की एका हंगामात कूलरच्या ताट्यांवर (पाणी धरणाऱ्या गवती जाळ्यांवर) पांढरा थर चढतो. तेच पाणी बारीक तुषारांतून कॅबिनेटमध्ये गेलं तर पाणी उडतं आणि मीठ बोर्डावर राहतं. मीठ ओल धरतं, चिपांचे पाय गंजतात, आणि एक दिवस कारण न कळता यंत्र बंद. कॅबिनेट कूलरच्या रेषेतून बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी उघडी असू द्या. टाकीत बोअरच्या ऐवजी शहानूर धरणाचं नळाचं पाणी भरता आलं तर उत्तम. पण उन्हाळ्यात ते कूलरला घालाल तर घरची माणसं तुम्हाला बोलतील.

लाइन

मल्टिप्लायर वाढवल्यावर पहिल्याच आठवड्यात यंत्र मधूनच रीस्टार्ट व्हायला लागलं. विंडोज कोलमडल्यावर येतो तो निळा पडदा नाही, काही नाही. एकदम काळं आणि पुन्हा सुरू. "मामा, हे तं पुन्हा बंद पडलं." मी व्होल्टेज वाढवलं. वेग कमी केला. पुन्हा मूळ वेगावर आणलं, तरी तेच. तीन दिवसांनी लक्षात आलं की त्याच क्षणी ट्यूबलाइट पण मिचकते. शेजारी पिठाची चक्की आहे. तिची मोटर सुरू होताना एवढा करंट ओढते की आमच्या ओळीचं व्होल्टेज क्षणभर खाली जातं. चक्कीवाल्या काकाजींना विचारलं की चक्की किती वाजता सुरू करता, तर म्हणाले, "आता तुह्या कम्प्युटरले पुसून चक्की लावू काय?"

तेव्हा ओळखायची खूण अशी: निळा पडदा आला किंवा गेम स्वतःच बंद पडला तर संशय ओव्हरक्लॉकवर घ्या. काहीही न दाखवता एकदम बंद झालं तर आधी लाइन आणि एसएमपीएस बघा.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले वॉट वाचू नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा आणि १२ नं गुणा. माझ्या जुन्यावर ४५० वॉट छापलं होतं आणि १२ व्होल्टवर १६ ॲम्पिअर, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. ओव्हरक्लॉक केलेला २५००के साधारण १२०-१३० वॉट खातो, ७५० टीआय ६० च्या आसपास, बाकी सगळं ३०-४०. जुना एसएमपीएस पहिल्यापासूनच काठावर होता. नवा घेतला तो १२ व्होल्टवर ३० ॲम्पिअरच्या वरचा, आणि त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं पाहून. रात्री व्होल्टेज १८० ला आलं तरी तो कुरकुरत नाही. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस. चक्की आता कधीही सुरू होवो.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्या पाठीमागं 'यूपीएस' मोडचं बटण असतं का बघा. ते दाबलं की लाइन गेल्यावर बॅटरीकडं वळायला तो कमी वेळ घेतो. आणि अर्थिंग. उन्हाळ्यात आपली काळी जमीन हात जाईल एवढी फाटते. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतंच राहतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि वायरमनला दाखवा. त्या अवस्थेत कॅबिनेट उघडायचं नाही.

वही

काही बदलण्याआधी आजचे आकडे लिहून ठेवा. मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितो. खोलीचं तापमान (भिंतीवरचा साधा थर्मामीटर), बसल्या जागी प्रोसेसरचं तापमान, पूर्ण राबताना तापमान, प्रोसेसरची ताकद मोजणाऱ्या सिनेबेंच आर१५ चे गुण, आणि गेममधल्या एकाच रस्त्यावरून पाच मिनिटं गाडी चालवून सरासरी आणि सगळ्यात खालच्या फ्रेम. तापमान एचडब्ल्यू-इन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये बघा. खोलीचं तापमान लिहिल्याशिवाय बाकीचे आकडे फुकट आहेत. का ते पुढं येईल.

बायोसमधलं काम

बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट बटण दाबत राहा. आत गेल्यावर आधी सगळं डिफॉल्टवर आणा. मोबाइलनं प्रत्येक पानाचा फोटो काढा, सगळं विसरलात तरी तो कामी येतो.

बेस क्लॉक १०० वरच ठेवा, ऑटोवर नको. या पिढीत हार्ड डिस्कचा आणि ग्राफिक्स कार्डचा रस्ता त्याच ठोक्यावर चालतो. तो १०४-१०५ च्या पुढं ढकलला की फाइली बिघडायला लागतात. दुकानाचा डेटा त्याच डिस्कवर असेल तर आजच पेनड्राइव्हवर कॉपी करा, बेस क्लॉकला हात लावणार नसलात तरी. रॅम १३३३ वर, १.५ व्होल्टवर ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मल्टिप्लायर चारही कोअरना सारखा लागेल असा पर्याय निवडा आणि ३८ करा. व्होल्टेजला अजून हात नको. सेव्ह करा, विंडोज उघडा, सीपीयू-झेडमध्ये ३८०० दिसतंय का बघा. यंत्र रिकामं असताना १६०० दिसेल, घाबरू नका, ती त्याची विश्रांती आहे. वीज वाचवणारे ते पर्याय बंद करायला सांगणारे सांगोत, मी चालू ठेवतो. सिनेबेंच सलग चार-पाच वेळा चालवा. ठीक असेल तर ४०. बहुतेक २५००के ४.० वर व्होल्टेज न वाढवता जातात.

तिथून पुढं एकेक पायरी. ४१, ४२. कुठंतरी तो अडेल: निळा पडदा येईल, किंवा प्रोसेसरला घाम फोडणाऱ्या प्राइम९५ प्रोग्राममध्ये एखादा कोअर हिशोब चुकवून थांबेल, किंवा एचडब्ल्यू-इन्फोमध्ये हार्डवेअर एररचा आकडा शून्यावरून हलेल. तिथं व्हीकोअर म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज ०.०१ नं, फार तर ०.०२ नं वाढवा आणि पुन्हा चाचणी. आधी हातानं ठरावीक व्होल्टेज द्या. ऑटोवर सोडलं तर काही बोर्ड गरजेपेक्षा बरंच जास्त ओततात. लोड लाइन कॅलिब्रेशन नावाचा एक पर्याय असतो, ओझं पडल्यावर व्होल्टेज खाली बसू नये म्हणून. तो मधल्या पायरीवर ठेवा, टोकाला नको.

माझी मर्यादा १.३५ व्होल्ट. याच्या वर देणारे आहेत, त्यांच्याकडं एसी आहे. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता मिळून चिप आतून झिजते. ती एका दिवसात जळत नाही, पण आज ४.४ ला चालणारा सहा महिन्यांनी ४.३ लाही कुरकुरतो. ३५७०के वाल्यांनी अजून सांभाळून, कारण त्याच्या झाकणाखाली डाख नसून पेस्ट आहे, उष्णता बाहेर यायला वेळ लागतो.

प्रत्येक टप्प्यावर थोडी चाचणी, आणि शेवटच्या आकड्यावर लांब: प्राइम९५ ब्लेंड निदान दोन तास, मग दोन-तीन संध्याकाळी प्रत्यक्ष खेळ. चाचणी चालू असताना उठून पानठेल्यावर जायचं नाही. तापमान ८० च्या वर टिकून राहिलं की थांबवा. २५००के ९८ अंशांना स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो, पण तिथपर्यंत न्यायचं कशाला?

पडदा काळाच राहिला, यंत्र उठतच नाही, तर तोंडचं पाणी पळू देऊ नका. प्लग काढा, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल दहा मिनिटं काढून ठेवा, परत लावा. बायोस मूळ जागी येतो. हे मी पाच-सहा वेळा केलं असेल.

त्या सेलवरून आठवलं. एकदा रोज सकाळी माझा ओव्हरक्लॉक गायब व्हायचा. रात्री ४.२, सकाळी ३.३. मला वाटलं प्रोसेसर रुसला. त्यातच दुकानात फॉर्मच्या वेबसाइट उघडेनात, सुरक्षित नाही म्हणून सांगायच्या. घड्याळ पाहिलं तर तारीख २०११. तो सेल संपला होता. रात्री लाइन गेली की बायोस सगळं विसरायचा. सीआर२०३२, घड्याळवाल्याकडं ३०-४० रुपयांत मिळाला. जुन्या यंत्राला हात लावायच्या आधी तो बदलून टाका.

४.४ आणि ४.०

जानेवारीत मी ४.४ गिगाहर्ट्झ, १.३० व्होल्टवर पोचलो. पूर्ण राबताना ६२ अंश. मोठा खूश. पण वहीत खोलीचं तापमान लिहिलं होतं: १८. म्हणजे प्रोसेसर खोलीपेक्षा ४४ अंश वर होता. हीटसिंक एवढंच करू शकतो, खोलीच्या हवेपेक्षा किती वर हे तो ठरवतो. खोलीच्या खाली तो कधीच नेणार नाही. मे महिन्यात कूलर लावूनही माझी खोली ३८ असते. ३८ आणि ४४ मिळून ८२. लाइन गेली, इन्व्हर्टरवर फक्त पंखा, टिनाचं छत, खोली ४२: मग ८६. यंत्र तेच, सेटिंग तेच, फक्त कॅलेंडर बदललं.

उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ३.४ ला १.२० व्होल्ट धरले तर ४.४ ला १.३० वर उष्णता दीडपट होते. तोच प्रोसेसर ४.० ला १.२२ व्होल्टवर चालवला तर सव्वापटीच्याही आत राहते. वेगातला फरक १० टक्के सुद्धा नाही, पण खोलीपेक्षा वरचं अंतर ४४ वरून ३५ वर येतं. मे मध्ये ७३. झोप लागते.

म्हणून माझ्या बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह आहेत. हिवाळी ४.४, उन्हाळी ४.०. नागपूरच्या अधिवेशनासारखं हिवाळी नाव भाच्यानं ठेवलं. बदलायचा दिवस ठरलेला आहे: माळ्यावरून कूलर खाली उतरला की उन्हाळी, तो परत वर गेला की हिवाळी. पावसाळ्यात, कूलर काम करत नाही आणि घाम वाळत नाही त्या दिवसांत, उन्हाळीच राहू देतो. तुम्ही एकच आकडा ठेवणार असाल तर तो मे मध्ये ठरवा. डिसेंबरात ठरवलेला आकडा मेअखेरच्या नवतप्यात उघडा पडतो.

ग्राफिक्स कार्ड

हे त्यामानानं सोपं, बायोस लागत नाही, आणि एच६१ वाल्यांनाही चालतं. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट जेवढी जाते तेवढी वर, मग कोअर क्लॉक २५-२५ मेगाहर्ट्झनं वाढवा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं गेम. पडद्यावर ठिपके, चमकणारे त्रिकोण, किंवा ड्रायव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला की २५-३० मागं या. मग मेमरी ५०-५० नं. माझं कार्ड कोअरला ११० आणि मेमरीला ३०० वर स्थिर आहे. व्होल्टेजला हात लावला नाही. या कार्डाला वेगळी पॉवर वायरच नाही, जे काही घेतं ते बोर्डाच्या खाचेतून. विंडोजसोबत आपोआप लागू होण्याची खूण आठवडाभर वापरल्याशिवाय करू नका, नाहीतर चुकीचं सेटिंग प्रत्येक वेळी स्वतःच लागून बसेल.

वहीतला हिशोब असा: त्याच रस्त्यावर, त्याच सेटिंगवर सरासरी ४८ फ्रेमवरून ५९. पण भाचा ज्याला अडखळणं म्हणायचा तो खालचा आकडा २७ वरून ३८ वर आला, आणि डोळ्याला तोच जाणवतो. यातला काही भाग नुसत्या दोन पट्ट्यांच्या रॅमचा आहे. विजेचं म्हणाल तर पूर्ण राबताना ६०-७० वॉट जास्त. रोज तीन तास धरले तर महिन्याला सहाएक युनिट. ते पैसे भाच्याच्या खाऊतून कापायचं ठरलं आहे. अजून कापले नाहीत.

परवा पाडवा झाला. कूलर उतरवला, ताट्या बदलल्या, आणि भाच्यानं मला न विचारता डिलीट दाबून उन्हाळी प्रोफाइल लावली. मी फक्त सीपीयू-झेडमध्ये ४००० दिसतंय का ते पाहिलं आणि वहीत लिहिलं: खोली ३४, राबताना ६९.